अक्काच्या बारा कॅसेट

तंजावरच्या आमच्या घरात सगळे नोकरदार. त्यामुळे थोरल्या बहिणीने, अक्काने, गाणं शिकवायच्या कॅसेट काढायचं ठरवलं तेव्हा आधी सगळ्यांनी नाकं मुरडली. मग वारं फिरलं. नोकऱ्या मागू नका, उद्योग काढा, असं पेपरात रोज यायला लागलं. अप्पा भेटेल त्याला सांगू लागले, "आमची पोरगी कंपनी काढतेय."

मागच्या खोलीच्या खिडक्यांना गाद्या बांधल्या. आवाज येतो म्हणून पंखा बंद. त्या उकाड्यात अक्का सकाळी आत शिरायची, ती जेवायलाच बाहेर यायची. एकच ओळ, आधी संथ, मग दुप्पट, मग चौपट. रेकॉर्डिंगच्या मशीनची बटणं मी दाबायचे. पाचव्या कॅसेटला वरच्या 'सा'वर तिचा आवाज चिरला. मिऱ्याचं पाणी घोटभर पिऊन ती म्हणाली, "परत लाव."

सातव्या कॅसेटनंतर आम्ही दोघी तिरुचीला डॉक्टरांकडे गेलो. "घशात गाठी आहेत. तीन महिने एक शब्दसुद्धा बोलायचा नाही," ते म्हणाले.

परतताना बसमध्ये अक्का माझ्या कानाशी लागली. "घरी सर्दी म्हणून सांग. विजयादशमीला मुलं गाणं शिकायला बसतात. तेव्हा दुकानात माल नसला तर सगळं संपलं."

मी सर्दी म्हणून सांगितलं.

राहिलेल्या पाच कॅसेट तिने पूर्ण केल्या. श्वास घेताना तिच्या घशातून कागद फाटल्यासारखा आवाज यायचा. तेवढा भाग मी पुसून टाकायचे. बारावी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कॉफीसाठी अम्माला हाक मारायला तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. आवाज परत आला नाही.

कॅसेट मात्र हातोहात खपल्या. तिरुवैयारूपासून पापनाशमपर्यंत घराघरांत अक्का गात होती. आमच्या घरात ती पाटीवर लिहून बोलायची.

पोंगल झाल्यावर कुंभकोणमचा दुकानदार आला. "पुढचे पाठ कधी देता?"

अक्काने पाटी उचलली. ती लिहायच्या आत अप्पा म्हणाले, "देऊ की. धाकटीचा गळा अगदी हिच्यासारखाच आहे."

अक्काने पाटी टाकून माझं मनगट घट्ट धरलं. माझ्याकडे बघत ती मान हलवत राहिली, नको, नको. अप्पा हसून दुकानदाराला म्हणाले, "बघा, किती जीव आहे धाकटीवर."

खरं सांगायचं तर माझंही नाव कॅसेटवर यावं असं मला वाटत होतं. मी हात सोडवून घेतला.

त्याच आठवड्यात मी त्या खोलीत गायला बसले. बटणं दाबायला अक्काच होती.