कॉलरच्या आतली खूण

लाँड्रीवाल्याला सगळे ‘कडक’ म्हणत. इस्त्रीमुळे म्हणत, स्वभावामुळे नाही. स्वभावाने तो इतका मऊ होता की गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत त्याच्या तोंडून ‘उशीर झाला, माफ करा’ निघून जाई, आणि बहुतेक वेळा उशीर झालेलाच नसे. दुकान मामाचं. मामाने त्याला धंद्यातल्या दोनच गोष्टी शिकवल्या. पाण्याचा शिंतोडा बोटांनी मारायचा, मनगटाने नाही. आणि गिऱ्हाइकाच्या खिशात जे सापडेल ते न वाचता परत करायचं. पुढे दुसरी गोष्ट जास्त उपयोगी पडली.

गल्लीच्या पलीकडे फर्निचरचं दुकान होतं आणि त्याखाली तळघर. दर शनिवारी संध्याकाळी तिथे गाणी लागत. पुरुषांवर जीव जडलेले पुरुष तिथे येत, बायकांवर जीव जडलेल्या बायका येत, आणि जन्मापासून दुसऱ्याच्या मापाचे कपडे अंगात अडकवल्यासारखं ज्यांना वाटत आलं होतं अशीही काही माणसं येत. त्याआधी ही मंडळी एका खाणावळीच्या मागच्या खोलीत जमत, खाणावळीला सुट्टी असे त्या वारी. त्याआधी बागेतल्या, दिवा गेलेल्या बाकांवर. आणि त्याआधी कुठेच नाही. म्हणजे ज्याच्या त्याच्या डोक्यात. आता त्या शहरात अशा जागांना रंगीत पाट्या आहेत आणि आतलं गाणं रस्त्यावर ऐकू येतं. तळघराच्या दारावर तेव्हा पाटी होती ती ‘नृत्यवर्ग’ अशी.

अडचण कपड्यांची होती. नाचायला जे घालायचं ते घरून घालून निघता येत नव्हतं आणि घरी ठेवताही येत नव्हतं. तो प्रश्न कडकने सोडवला, तोही न ठरवता. एका शनिवारी, पुढे जिचं टोपणनाव ‘टायपिस्ट’ पडलं अशी एक बाई पुरुषी कोट धुवायला घेऊन आली आणि म्हणाली, “नेऊन ठेवू कुठे? इथेच राहू दे.” कोट राहिला. मग आणखी दोन राहिले. वर्षभरात दुकानामागच्या खोलीत तीस-पस्तीस हँगर झाले, आरसा आला, पडदा आला. शनिवारी लोक ऑफिसच्या कपड्यांत येत, पडद्यामागे बदलत आणि गल्ली ओलांडत. ते तिकडे असताना कडक इकडे त्यांच्या दिवसाच्या शर्टांवर इस्त्री फिरवी. कुणी सांगितलं नव्हतं. चुरगळलेला शर्ट समोर दिसला की त्याला राहवत नसे. त्यामुळे काही घरांत पंचाईत झाली. एकाला बायकोने विचारलं, “ओव्हरटाइम करून घडीचा शर्ट घालून येणारे तुम्हीच एक. ऑफिसात खुर्ची आहे की हँगर?”

नियम एकच होता. नाव विचारायचं नाही, घर विचारायचं नाही, नोकरी विचारायची नाही. निघताना एकेकट्याने निघायचं आणि पुढचा कुठल्या बाजूला वळतो ते बघायचं नाही. जे माहीतच नाही ते चौकीत कुणी कितीही दरडावलं तरी तोंडातून निघत नाही. म्हणून टोपणनावं होती, आणि कडकच्या शाईच्या खुणा होत्या. दिवसाच्या गिऱ्हाइकांच्या कॉलरच्या आतल्या पट्टीवर तो आकडे घाली, शनिवारच्यांना चिन्हं. टायपिस्टला मासा, एका उंच माणसाला शिडी. मास्तरांना तीन तिरक्या रेघा.

मास्तर खरे मास्तर नव्हते. तळघरावर कुणी आलंच, तर दारावरची घंटा दोनदा वाजे, गाणं बदले, आणि हे बारीक, चष्म्यातले गृहस्थ मधोमध उभे राहून “एक-दोन-तीन, वळा! एक-दोन-तीन, खांदे सरळ!” असं ओरडू लागत. आवाजच असा की एकदा तपासाला आलेल्या हवालदारानेही खांदे सरळ केले होते. स्वतः मास्तरांना नाचता मात्र येत नसे. ते दर वेळी नव्याने चुकत आणि त्याच आनंदात पुन्हा उभे राहत.

एकोणीस वर्षं ते दर शनिवारी आले. कडकचं त्यांच्याशी बोलणं म्हणजे, “आज उजव्या बाहीला शाई लागलीय,” किंवा “दुसरं बटण सैल होतं, टाका घातलाय.” त्यावर मास्तर म्हणत, “तुमच्या नजरेतून काही सुटत नाही बुवा.” एवढंच. कडक तळघराच्या दाराशी जाऊन उभा राही, दोन गाणी ऐके आणि परत इस्त्रीकडे येई. मास्तरांचा शर्ट तो शेवटी घेई. त्याला तो घाईत करायचा नसे.

मग एका शनिवारी टायपिस्ट सगळ्यांदेखत म्हणाली, “मास्तर, तुमचे दोन पाय दोन वेगळ्या खात्यांत नोकरीला आहेत. एकमेकांना साधा कागदसुद्धा पाठवत नाहीत.” सगळे हसले. मास्तरही हसले, पण लवकर निघाले. पुढच्या शनिवारी आले नाहीत.

“रुसलेत,” टायपिस्ट म्हणाली.

त्याच्या पुढच्या शनिवारीही आले नाहीत. “जास्तच रुसलेत. येतील. न येऊन जातात कुठे?”

तिसऱ्या शनिवारी ती आली तशी आतल्या खोलीत गेली. पडद्यामागे मास्तरांचा करडा कोट तसाच लटकत होता. तिने त्याची बाही धरली आणि सोडली. “कडक, मी बोलायला नको होतं रे.”

“ते तुमच्यामुळे नसेल.”

“मग कशामुळे?”

मास्तरांना शोधायला हवं, हे कडकला तेव्हाच कळलं. जायचं कुठे? मास्तर चहात साखर घेत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा डावा खांदा किंचित उतरता, गाण्याची दुसरी ओळ ते नेहमी आधीच म्हणून टाकतात, लिफ्टला घाबरतात, हेही. पण हाक मारून शोधायचं तर मारायची हाकच कुणाकडे नव्हती. ज्या नियमाने सगळ्यांना इतकी वर्षं वाचवलं, त्यानेच एक माणूस गिळून टाकला होता.

कडक दुकानाच्या वरच्या खोलीत थोरल्या बहिणीबरोबर राहायचा. ताई विधवा, तोंडाने फटकळ. सोमवारी जेवताना ती म्हणाली, “कोण हरवलंय?”

“कुणी नाही.”

“कुणी नाही? मग सकाळपासून दोन शर्ट जळले ते काय आपल्या पायांनी इस्त्रीखाली गेले?”

“एक गिऱ्हाईक आहे. तीन आठवडे आलं नाही.”

“नाव काय?”

“माहीत नाही.”

“किती वर्षांचं गिऱ्हाईक?”

“एकोणीस.”

ताईने हातातला घास खाली ठेवला. “शनिवारचं?”

कडक तिच्याकडे बघत राहिला. शनिवारी ताई आठलाच दार लावून निजत असे. या विषयावर त्या घरात आजवर शब्द उच्चारला गेला नव्हता.

“बघतोस काय? मी लवकर झोपते. बहिरी नाहीये.” तिने त्याच्या ताटात वाढलं, त्याला नको असताना. “तुझे भावोजी गेले तेव्हा आठवतंय? हॉस्पिटलात माणसाला नेलं की आधी कपडे उतरवतात. गाठोडं बांधून ठेवतात, वर चिठ्ठी. नाव नाही ना माहीत? शर्ट तर माहीत आहे?”

कडक उठलाच.

“अरे, हात तरी धू!”

शहरात तीन मोठी हॉस्पिटलं होती. पहिल्यात त्याला दारातूनच घालवलं. दुसऱ्यात, तळमजल्याच्या टोकाला, कपड्यांची खोली होती आणि तिथे एक जाडजूड राखणदार स्टुलावर बसला होता. कडकने वाटेत जुळवलेलं खोटं सांगितलं: दोन गिऱ्हाइकांच्या शर्टांची अदलाबदल झालीय, त्यातला एकजण इथे आहे.

“नाव?”

“नाव… चिठ्ठी भिजली. पण खूण माझ्या हातची आहे. कॉलर बघितली की सांगतो.”

राखणदाराने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग स्वतःची कॉलर उलटी करून दाखवली. “लाँड्रीवाले ना तुम्ही? हे बघा. आमचा लाँड्रीवाला धुतो की आपटतो, कळत नाही. दोन महिन्यांत दोरे बाहेर.”

“सोडा जास्त घालतात,” कडक म्हणाला. “आणि उन्हात पालथी न घालता वाळवतात. पाठवून द्या माझ्याकडे. उलटवून शिवून देईन, नवी दिसेल.”

त्यावर खोली उघडली.

फळ्यांवर गाठोडी होती, शंभरएक. कडक एकेक सोडी, कॉलर उलटी करी, पुन्हा बांधी. लोकांचे कपडे त्याने आयुष्यभर हाताळले होते, पण हे वेगळे होते. यांना कुणी उतरवताना विचारलं नव्हतं. काहींना रक्त लागलेलं होतं, काहींना माती, एका सदऱ्याच्या खिशात बसचं तिकीट, अर्ध्या वाटेपर्यंतचं. ते त्याने न वाचता परत ठेवायला हवं होतं. वाचलं. चाळिसाव्या-पन्नासाव्या गाठोड्यात एक पांढरा शर्ट होता, डावी बाही कात्रीने खांद्यापर्यंत कापलेली. कॉलरच्या आत तीन तिरक्या रेघा.

चिठ्ठीवर वॉर्ड होता, खाटेचा नंबर होता, आणि त्याखाली नाव. कडकने नावावर अंगठा ठेवला आणि फक्त नंबर वाचला. मग त्याने त्या फाटक्या शर्टाची नीट घडी घातली, बाह्या मागे, कॉलर वर, आणि राखणदाराला विचारलं, “या वॉर्डातले… म्हणजे, तिथले सगळे…”

“चिठ्ठीवर लाल फुली आहे का?”

“नाही.”

“मग आहे तुमचं गिऱ्हाईक. जा.”

जिना चढताना त्याने दोनदा कठडा धरला.

खाटेशेजारी स्टुलावर एक ठेंगणी, पिकल्या केसांची बाई पिशवीतून सफरचंद काढत होती. खाटेवर मास्तर. चष्मा नव्हता, डावा हात चादरीवर ठेवून विसरल्यासारखा, तोंडाची एक बाजू किंचित खाली. चष्म्याशिवाय ते फार तरुण दिसत होते, किंवा फार म्हातारे.

“आपण?” बाईने विचारलं.

कडकला वाटेत सुचलेली सगळी खोटी नाती ऐनवेळी आठवेनात. “लाँड्रीवाला,” तो म्हणाला.

“लाँड्रीवाले घरी येतात हे ऐकलंय. वॉर्डात?”

“कडक,” मास्तर म्हणाले. शब्द जड जिभेवरून हळू आला, पण आला.

“काय कडक? गादी? सांगू का नर्सला?” बाई उठली. मग तिने भावाचं तोंड पाहिलं आणि पुन्हा त्या माणसाकडे पाहिलं, जो शर्टाची घडी दोन्ही हातांत धरून उभा होता आणि ज्याचे डोळे वाहत होते. “मी गरम पाणी घेऊन येते,” ती म्हणाली. थर्मास भरलेलाच होता. तो घेऊनच गेली.

मास्तर म्हणाले, “मला वाटलं, तुम्ही लोक… रुसलात.”

“आम्ही?”

“लवकर निघालो ना त्या दिवशी. डोकं गरगरत होतं. बसमध्येच…” ते थांबले, शब्द शोधला, सापडला नाही, सोडून दिला. “दोन आठवडे वाचाच नव्हती. मग आली. पण तुमच्या दुकानाचा पत्ता द्यायचा तर बहिणीला काय सांगू? रोज चारला भेटीची वेळ झाली की दाराकडे बघायचो. कळत होतं, कुणाला काही कळायचा मार्गच नाही. तरी बघायचो.”

कडक खाटेच्या कडेला बसला. त्याने चादरीवरचा तो विसरलेला हात उचलला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. हात गार होता. त्याने तो दोन तळव्यांत धरला. इस्त्रीने त्याचे तळवे कायमचे गरम झाले होते.

पुढच्या शनिवारी कडकने पडद्यामागे खाटेचा नंबर सांगितला, आणि भेटीच्या वेळेत माणसं येऊ लागली. एकेकटी, अंतर ठेवून, जिना चढण्यापूर्वी मागे वळून बघत. कुणी मावसभाऊ झालं, कुणी ऑफिसातलं. तिसऱ्या दिवशी नर्स म्हणाली, “यांना मावश्या होत्या तरी किती?” टायपिस्ट आली ती रिकाम्या हाताने, आणि खाटेच्या पायथ्याशी शाळेत उभं केल्यासारखी उभी राहिली. “मास्तर, पाय कसे आहेत?”

“एक खातं,” मास्तर सावकाश म्हणाले, “बंद पडलंय.”

ती हसली आणि हसता हसता तोंड लपवून भिंतीकडे वळली.

डॉक्टर म्हणाले, चालतील, पण काठी घेऊन, आणि एकटं राहता येणार नाही. घरी न्यायच्या आदल्या दिवशी बहीण कडकच्या शेजारी स्टूल ओढून बसली. मास्तर डोळे मिटून पडले होते.

“याला तुम्ही सगळे मास्तर म्हणता,” ती म्हणाली. “हा पाणीपुरवठ्यात कारकून होता. जन्मात कुणाला शिकवलं नाही.”

कडकने चादरीची दुमडलेली कड सरळ केली.

“दर रविवारी सकाळी हा माझ्याकडे येतो. लहानपणी आईने नवे बूट आणले तेव्हा जसा दिसायचा ना, तसा दिसतो. घडीचा शर्ट. मी विचारायची, काय रे, कुठे गेला होतास? म्हणायचा, ‘कुठे नाही.’ इतकी वर्षं मी ते ‘कुठे नाही’ ऐकतेय.” तिने पदर सारखा केला. “मला काही जाब विचारायचा नाही हो. उद्यापासून तो माझ्या घरात असणार. अर्धाच माणूस मला ठाऊक आहे. लहानपण सगळं सांगते मी तुम्हाला, हवं तेवढं. नावापासून. तुम्ही मला शनिवार सांगा.”

कडकला नियम आठवला. त्याने खाटेकडे पाहिलं. मास्तरांचे डोळे मिटलेलेच होते, पण उजव्या हाताची बोटं चादरीवर हलली: सांगा, असं.

तिने भावाचं नाव सांगितलं. कडकने ते मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं. नव्या शर्टासारखं ते अजून अंगाला टोचत होतं. मग त्याने तिला आपलं नाव सांगितलं, आणि खाटेवरच्या माणसानेही ते पहिल्यांदाच ऐकलं.

“सुरुवात कुठून करू?” तो म्हणाला. “पहिल्यांदा आले तेव्हा पाऊणएक तास पायरीवर उभे होते. आत यावं की जावं. मी म्हटलं, इस्त्रीला टाकायचाय का? तर अंगातलाच काढून द्यायला लागले. निळा शर्ट होता, बारीक रेघांचा…”

“हिरवा,” मास्तर डोळे न उघडता म्हणाले.

“निळा.”

“हिरवा. शर्ट माझा होता.”

“आणि इस्त्री माझी होती,” कडक म्हणाला. “लाँड्रीवाल्याला रंग शिकवू नका.”

बहीण आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे पाहत राहिली, आणि स्टूल आणखी जवळ ओढत म्हणाली, “बरं, रंग राहू द्या. पुढे काय झालं?”