चालून दाखवा

मुलांनो, आज सकाळी टेकडी उतरताना माझी मैत्रीण कुसुम पुढे होती. तिच्या जाड टाचांच्या बुटांचा धप् धप् आवाज मागे मला ऐकू येत होता. दर पावलाला टाच आपटायची आणि तिचा हात गुडघ्याकडे जायचा.

"डॉक्टर म्हणाले, वय झालं, टेकडी बंद करा. आजचा शेवटचा दिवस गं," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. गुडघ्याचा एक्स-रे काढला, गोळ्या लिहून दिल्या. पण जरा चालून दाखवा, असं तिला कुणी म्हटलं नाही. पायात काय घालता, हेही विचारलं नाही. वय झालं म्हटलं की पुढचं काही बघायलाच नको! माणसाचं चालणं न पाहता ते थांबवायचा हक्क यांना दिला कुणी?

मी तिला दगडावर बसवून माझे सपाट कापडी बूट घालायला लावले. तिचे बूट हातात घेऊन मी अनवाणी निघाले.

"लहान पावलं टाक. टाच आपटू नकोस."

"मैत्रीण आहेस की मास्तरीण?" ती करवादली, पण तशी उतरली. धपधप थांबली.

"दुखतंय?"

"दुखतंय तर. पण कमी." पायथ्याशी तिने वळून टेकडीकडे पाहिलं. "उद्या लवकर ये. ऊन फार चढतं."