ओटीत घेतलेलं बी

सविता, ये अशी जवळ, बस. भिंतीला भिंत लागून आपलं घर, आणि तुला हाक मारायला मला पेपराची पुरवणी लागावी, शोभतं का गं हे तुला? तेराव्यानंतर एकदा आलीस, दोन डबे ठेवलेस, तोंड एवढंसं करून गेलीस ती गेलीसच. वाळत घातलेले कपडेसुद्धा मी गच्चीवर नसताना काढून नेतेस. मला काय दिसत नाही?

वाचणाऱ्यांना सांगायला पाहिजे, सविता म्हणजे माझ्या शेजारणीची, गयाबाईची सून. गया गेली त्याला आता दीड महिना होईल. त्या सकाळी मी तांदूळ धुतलेलं पाणी तिच्या झाडांसाठी घेऊन वर गेले होते, तेवढ्यात पलीकडून सविताचा आवाज आला, "मावशी, या ना लवकर... आत्याबाई उठंनात." दोन गच्च्यांच्या मधला कठडा गुडघ्याएवढा. मी चप्पल न घालता ओलांडला. गया गच्चीवरच्या अंथरुणात कुशीवर झोपलेली होती, नेहमीसारखी. नखांत आदल्या दिवशीची माती तशीच होती...

गारखेड्यातल्या आमच्या या गच्च्या म्हणजे उन्हाळ्यात नुसते तवे, आणि नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी. असल्या ठिकाणी भाजी पिकवायची म्हणजे खुळेपणाच. पण गया पैठणकडची, गोदावरीकाठची, तिला मातीवाचून करमेना. लोकांनी भंगारात काढलेल्या कूलरच्या टाक्या तिनं गोळा केल्या, त्यात माती आणि शेणखत भरलं, आणि दुधी, दोडका, काकडी लावली, कोपऱ्यात एक लिंबू. ऋतूंचा तर काही भरवसाच राहिलेला नाही. दिवाळीत पाऊस, फाल्गुनात गारा, होळी पेटायच्या आधीच ऊन पेटलेलं. गया आभाळाकडं बघायचीच नाही, मुंग्यांकडं बघायची. मुंग्या अंडी घेऊन भिंत चढायला लागल्या की तिची जुनी मच्छरदाणी, दुहेरी करून, वेलाच्या मांडवावर चढलीच म्हणून समजा. एकदा त्यात गारा साचल्या तर त्या घमेल्यात भरून बसली. म्हणाली, "फुकटचा बरफ आलाय, आज झाडांना पाणी वाचलं." असल्या बाईवर कुणाचा जीव जडणार नाही?

मी सिल्लोडकडची. माझ्या हाताला लहानपणापासून गुण होता. मी सहज खोचलेली काडीही फुटायची, असं माझी आई चारचौघींत सांगायची. म्हणून गयाचं बघून मीही सहा टाक्या मांडल्या. बी अर्थात गयाचंच. वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या तोंडाला आणि मृगाच्या आधी, ती राखेत घोळलेलं दुधीचं बी माझ्या ओटीत घालायची, कुंकू लावून. नवरा नसलेल्या बाईनं ओटी भरू नये म्हणतात, मी ते कधी मानलं नाही. आमच्याकडं ओटीत आलेलं बी कुणी पारखत नाही. त्याला नख लावणं, पाण्यात टाकून बघणं म्हणजे देणाऱ्या हाताचा अपमान. नाहीतर शेतकऱ्याची लेक मी, चिमटीत धरलं की कळतं भरलंय का पोकळ आहे ते. पण मी धरलंच नाही कधी. पदरातून सरळ मातीत.

आणि उगवलंच नाही. पहिल्या वर्षी एक कोंब आला, पिवळा पडून गेला. गया म्हणाली, "अवकाळीनं मारलं गं, बी काय करील." दुसऱ्या वर्षी म्हणाली, "थंडी हटली नव्हती, घाई केलीस." तिसऱ्या वर्षी तिनं माझा तळवा हातात घेऊन दाबून बघितला. "व्हय गं, तुझा हातच उष्ण हाय. बी पोळतंय." हसली ती. मीही हसले. पण मनात ते रुतून बसलं... मग मी माठाच्या पाण्यात हात बुडवून पेरायला लागले. नातवंडं विचारायची, "आजी, हातांना ताप आलाय का?" आईनं वाखाणलेला हात, म्हातारपणी मला सोडून गेला असंच मी धरून चालले. शेवटी पाच टाक्या गयालाच देऊन टाकल्या. नको म्हणून एकदासुद्धा म्हणाली नाही. एक टाकी ठेवली, आशा चिवट असते ना. त्या एका टाकीसाठीही ती बी देत राहिली.

मग रोज चार वाजता मी तिच्या गच्चीवर. दुधी निघाला की विळीवर उभा चिरायची आणि म्हणायची, "अर्धा तुझा. त्या उष्ण हातानं फोडणी तरी चांगली दे." मी खाल्ले ते दुधी, आवडीनं खाल्ले.

आणि तेराव्यानंतर, सविता, तू ते दोन डबे घेऊन आलीस. किती सरळपणानं म्हणालीस, "मावशी, हा डबा पेरायचा. आणि हा तुम्हाला द्यायचा, ह्यातलं उगवत नसतंय."

मी म्हटलं, "म्हणजे काय गं?"

"कवळ्या दुधीचं हाय ना ते. आत्याबाई येगळं ठेवायच्या, राख लावून. मला वाटलं तुम्हाला ठाऊक हाय, औषधाला लागत असंल..." आणि मग तुझं तोंड उतरलं. फार हळू म्हणालीस, "मी इचारलं होतं एकदा, तवा थट्टा वाटली मला. म्हणल्या, तिच्या गच्चीवर येल चढला की ती कशाला येतीय इकडं?"

तू गेल्यावर मी त्या बियाला पहिल्यांदा नख लावलं. चिपाड, आत गरच नाही. पाखडलं तर उडून जाईल असलं. राख होती म्हणून झाकलं गेलं. इतकी वर्षं मी आभाळाला शिव्या दिल्या, थंडीला दिल्या, माझ्या स्वतःच्या हातांना दिल्या. पाऊस बिचारा फुकट बदनाम झाला.

मला कळतं, गयाला दिवस खायला उठायचा. नवरा नाही, मुलगा वाळूजला कंपनीत पाळीवर, सविता कामावर. माझं घर भरलेलं. पण गये, नुसतं ये म्हणाली असतीस तर मी आले नसते का? अर्ध्या दुधीसाठी येणारी बाई वाटले मी तुला? बी खोटं निघालं त्याचं दुःख आहेच. पण तू मला एवढंच ओळखलंस, हे जास्त लागलं...

खऱ्या बियाचा डबा माझ्या फळीवर तसाच आहे. पेरायचं धाडस होत नाही. उगवलं तर गया खोटी, आणि नाही उगवलं तर माझा हात खोटा. तोवर दोघी आपापल्या जागी राहतो, असं मनाला सांगते. चार वाजले की मात्र गुडघ्यावर हात ठेवून मी अजूनही जिना चढते, तिच्या बाजूला तोंड करून बसते आणि तिच्याशी भांडते. एकतर्फी भांडण लवकर संपतं.

सविता, तू काही चोरी केलेली नाहीस गं, तोंड कशाला लपवतेस? खरं बोललीस. तुझ्यावर माझा राग नाही. राग आहे तो तिच्यावर, आणि तो काढायला तिला ओळखणारं माणूस पाहिजे. माझ्या घरात म्हटलं तर म्हणतात, गेलेल्या माणसाला नावं ठेवू नये. तू ये. रविवारी सुट्टी असते ना तुला, चहा टाकते, दोघी मिळून तिला मनसोक्त शिव्या देऊ. लवकर ये गं बाई, एकटीनं राग धरून लई थकले मी.