उसवलेली लोकर

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाल्यानं कधी दाट दूध घातलं तरी मला वाटायचं, यात काहीतरी गोम आहे. आई म्हणायची, हिला देवानं डोळे दिलेत ते वटारायलाच. त्या हिवाळ्यात मात्र संशय घ्यायला मला चांगलं सणसणीत कारण मिळालं होतं, आणि ते माझ्याच ट्रंकेत होतं.

आम्ही बदलापूरला बेलवलीत राहत होतो. आई, दादा, वहिनी आणि मी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे घरात शब्द चालायचा तो दादाचा. तो अंबरनाथला कारखान्यात कारकून होता. वहिनीला लग्नानंतर दोनदा दिवस गेले होते. दोन्ही वेळा ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि दोन्ही वेळा रिकाम्या हातानं परत आली. त्यावर आमच्या घरात कुणी चकार शब्द काढत नसे. वहिनी परत आली की दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसायची आणि सगळं पहिल्यासारखं सुरू व्हायचं.

मी एम.ए. करत होते, समाजशास्त्रात, तेही प्रबंध लिहून. विषय होता फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेल्या बायकांनी नव्या जागी संसार कसे मांडले. उल्हासनगरच्या लष्करी बराकींमध्ये, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या कॅम्पात, ही कुटुंबं राहत होती. मला तिथं जाऊन बायकांशी बोलायचं होतं आणि त्या सांगतील ते लिहायचं होतं. दादानं मला बजावलं होतं की हा एवढा हिवाळा तुझा. उन्हाळा लागायच्या आत माहिती गोळा झाली नाही, तर पुस्तकं मिटायची आणि तो आणील त्या स्थळाला मुकाट्यानं हो म्हणायचं. मी हो म्हटलं होतं, कारण नाही म्हटलं असतं तर हिवाळाही मिळाला नसता.

अंबरनाथला उतरून मी कॅम्पापर्यंत चालत जायची. एकेका लांबलचक बराकीत गोणपाटाचे आणि जुन्या साड्यांचे पडदे लावून कितीतरी बिऱ्हाडं केलेली असत. मी पेन्सिल आणि कागद घेऊन एखाद्या पडद्यापुढे उभी राहिले की आतलं बोलणं बंद व्हायचं. पापड लाटणारी बाई लाटणं थांबवायची. नाव विचारलं तर पोरीचं सांगायची, माणसं किती विचारलं तर शेजारणीकडे बघायची. चार दिवस मी अशी भिंतींशी बोलून परत आले. शेवटी बराकीच्या टोकाला उन्हात खाट टाकून विणत बसणारी एक वयस्क बाई होती, जिला सगळे चाची म्हणत, तिनंच मला खरं काय ते सुनावलं.

"पहले लिखनेवाले आते हैं," ती सुया न थांबवता म्हणाली, "फिर राशन कटता है."

मी पेन्सिल पिशवीत टाकली. तरीही तिनं मला बसायला सांगितलं नाही. तिचा नियम असा होता की तिच्या खाटेवर बसायचं तर हात चालले पाहिजेत. ती बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडून लोकर आणून तान्ह्या मुलांचे मोजे आणि टोपडी विणून द्यायची. मला विणकामाचा गंध नव्हता. आमच्याकडे थंडी म्हणजे गोधडी, आणि गोधडी म्हणजे जुनी लुगडी. लोकर म्हणजे दादाचा बाजारचा मफलर, तोही खोकला झाल्यावर बाहेर निघणारा. पण माहिती हवी होती, म्हणून मी खाटेच्या कडेला टेकले आणि सुया हातात घेतल्या.

चाचीनं मला पिवळ्या लोकरीचे छोटे मोजे शिकवले, कारण लहान वस्तू लवकर होते आणि बिघडली तरी फार लोकर वाया जात नाही. सुलटा टाका, उलटा टाका, टाचेशी आल्यावर वळण. जरा हात बसल्यावर तिनं मला घरी विणायला लोकर दिली. मी जोडी पुरी करून आणायची, चाची ती ताणून, उलटी करून, डोळ्यांशी नेऊन बघायची, आणि मग तिचं तोंड थोडंसं उघडायचं. पहिल्या जोडीनंतर तिनं गाव सांगितलं. दुसऱ्या जोडीनंतर घराला किती खोल्या होत्या ते सांगितलं. मी मनात पाठ करत अंबरनाथ स्टेशन गाठायची आणि बाकावर बसून घाईघाईनं लिहून काढायची. या गतीनंही प्रबंध झाला असता.

घरी मी हे विणकाम लपवून ठेवलं होतं. दादाला कळलं असतं तर तो म्हणाला असता की प्रबंध करतेस की मोजे. म्हणून विणणं माझ्या ट्रंकेत, पुस्तकांच्या खाली असायचं. एका सकाळी ते तिथून वर काढायला गेले तर मोजा नव्हताच. त्याच्या जागी लोकरीचा नीट गुंडाळलेला गुंडा होता आणि शेजारी दोन्ही सुया अगदी सरळ ठेवलेल्या.

आधी वाटलं, टाका सुटला असेल. पण सुटलेला मोजा स्वतःला गुंडाळून घेत नाही. मी पुन्हा विणला. दोन दिवसांनी पुन्हा गुंडा. म्हटलं, वा रे वा, घरात भूत शिरलंय आणि त्याला विणकाम आवडत नाही.

ट्रंकेला कुलूप नव्हतं, आणि वहिनी माझी धुतलेली पातळं घडी करून त्यात ठेवायची, म्हणजे तिचा हात आत जात होता. आईही काही कमी नव्हती. मी चाळणीतून धान्य चाळावं तशी घरातल्या प्रत्येकाला चाळू लागले. आणि बघायला गेलं तर सगळेच संशयास्पद वागत होते. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की आई आणि वहिनीचं बोलणं तुटायचं आणि आई उगीच डाळीबद्दल काहीतरी म्हणायची. विहिरीचं पाणी नेहमी वहिनी काढायची, ते अचानक माझ्या गळ्यात पडलं. जड कळशी, जड पाटा, सगळं मला. दादा अंबरनाथहून येताना पिशवीत आवळे आणि चिंचा घेऊन यायचा आणि माझ्यापासून लपवल्यासारखा आत न्यायचा. मी या सगळ्याची बेरीज केली आणि उत्तर काढलं. स्थळ ठरत होतं. पाहुण्यांची तयारी चालली होती, मला कामाची सवय लावली जात होती, आणि माझा प्रबंध बुडावा म्हणून विणकाम उसवलं जात होतं. किती व्यवस्थित आखलं होतं त्यांनी! मला तर त्यांचं कौतुकच वाटलं.

चोर पकडायला मी एकदा लोकरीवर हळद भुरभुरली, म्हणजे हात लावणाऱ्याची बोटं पिवळी होतील. संध्याकाळी जेवायला बसले तर आईची बोटं पिवळी, वहिनीची पिवळी, माझीसुद्धा पिवळी. स्वयंपाक करणाऱ्या घरात मी हळदीनं चोर धरायला निघाले होते. शिवाय लोकर मुळात पिवळीच, त्यामुळे हळद कुणाला दिसलीही नसेल. तेवढ्यात एक गोष्ट मात्र लक्षात आली. दादासाठी म्हणून मी त्याच ट्रंकेत राखाडी मफलर सुरू केला होता, हात बसावा म्हणून. त्याला कुणी बोटही लावलं नव्हतं. मी मनात म्हटलं, चोराला राखाडी रंग आवडत नाही वाटतं.

इकडे कॅम्पात माझी पत जायला लागली. मोजे मागितले की मी लोकरीचा गुंडा काढून दाखवायची. चाचीनं एकदा तो हातात घेतला, नागमोडी झालेला धागा उन्हात धरला आणि माझ्याकडे बघितलं. विणून उसवलेली लोकर लपत नाही, ती वाकडीच राहते. तिला वाटलं, ही बाई मुद्दाम उसवते, म्हणजे रोज येऊन बसायला निमित्त राहील. आता मी सरकारी माणूस असल्याची तिची खात्रीच पटली. असली लोकर तिच्या कामाची नव्हती, म्हणून तिनं गुंडा माझ्या पिशवीत परत टाकला, शेवटची म्हणून नवी लोकर दिली आणि सांगितलं की यावेळी जोडी आली नाही तर खाटेवर जागा नाही. मी परत येताना गाडीच्या खिडकीशी बसून दातओठ खात होते. चाचीनं तोंड मिटलं की पूर्ण बराक मिटणार होती, आणि बराक मिटली की माझी पुस्तकं.

त्या जोडीचा पहिला मोजा पुरा झाला, दुसरा टाचेपर्यंत आला. मग मी ठरवलं. सकाळी पिशवी खांद्याला लावून, आईला येते म्हणून सांगून निघाले, फाटकापर्यंत गेले आणि तिथून वळून परसदारानं परत आले.

वहिनी मागच्या पडवीत उन्हात बसली होती. माझा टाचेपर्यंतचा मोजा तिच्या मांडीवर होता. ती एका हातानं धागा ओढत होती आणि गुडघ्याभोवती गुंडाळत होती, आणि ओढताना तिचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेताना हलतात तसे. पहिला मोजा उसवून झाला होता.

माझं डोकं असं तापलं की मला तोंड आवरेना. मी तिला काय काय म्हटलं ते सगळं इथे लिहीत नाही. माझं शिक्षण तुमच्या डोळ्यांत खुपतं, इथपासून सुरुवात झाली आणि तुम्हाला मी या घरातून गेलेली हवी आहे, इथपर्यंत गेली. आई आतून धावत आली आणि दारातच उभी राहिली. वहिनी उठली नाही, रडलीही नाही. तिनं धाग्याचं टोक हातात घट्ट धरून ठेवलं होतं.

"वन्सं," ती म्हणाली, "मागच्या दोन्ही खेपांना मी झबली आधीच शिवून ठेवली होती."

मला कळायला वेळ लागला. आईनं पदर तोंडाला लावला, तेव्हा कळलं. आमच्याकडे मूल जन्माला यायच्या आत त्याच्यासाठी नवं काही करत नाहीत. आलं की त्याला आधी जुन्यात गुंडाळतात, नवं कापड बारशाला. वहिनीनं हौसेनं दोन्ही वेळा ते मोडलं होतं, कुणाला न सांगता. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते, आणि तिनं माझी पातळं ठेवायला ट्रंक उघडली तर आत तान्ह्या बाळाचे नवेकोरे मोजे. तिला वाटलं, मला कुठून तरी कळलंय आणि मी प्रेमानं तयारी करतेय. मला थांबवावं तर पोटातलं बोलून दाखवावं लागणार, आणि तीन महिने व्हायच्या आत ते बोलायचं नाही. म्हणून ती गप्प राहून उसवत होती. आवळे, चिंचा, कळशी, तुटलेलं बोलणं, सगळं याचंच होतं. लग्न न झालेल्या मुलीला असलं कुणी सांगत नाही, म्हणून मला सांगितलं नव्हतं. स्थळबीळ काही नव्हतं.

मी तिच्या शेजारी बसले. मग मी दुसऱ्या मोज्याचा राहिलेला भाग तिच्या मांडीवरून उचलला आणि स्वतः उसवून तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी मी कॅम्पात रिकाम्या हातानं गेले. चाचीनं मान वर केली नाही. मी उभ्याउभ्याच, माझ्या मोडक्या हिंदीत, तिला घरात काय झालं ते सांगितलं. वहिनीच्या दोन खेपा, झबली, मोजे, सगळं. आजवर मी तिथं फक्त विचारत आले होते, सांगितलं कधी काही नव्हतं. चाचीच्या सुया थांबल्या. मग तिनं खाटेवर सरकून जागा केली. त्यानंतर मोजे मी तिथंच बसून विणायचे, घरी न्यायचे नाहीत, असं ठरलं. आणि त्या दुपारी तिनं मला तिच्या घराचा ओटा, तिथला पाळणा आणि निघताना तो पाळणा का सोडावा लागला, हे सगळं सांगितलं. शेजारच्या पडद्यातल्या बाया येऊन खाटेभोवती बसल्या. पेन्सिल मला कुणी काढू दिली नाही, पण त्या हिवाळ्यात मला हवं ते सगळं मिळालं. दादानं उन्हाळ्यात प्रबंधाची चौकशी केली, कागदांचा ढीग बघितला आणि स्थळाचा विषय काढला नाही.

यावेळी वहिनीनं माहेरी जायला नकार दिला. आषाढात तिला मुलगी झाली, आमच्याच घरात. आईनं नातीला स्वतःच्या मऊ झालेल्या लुगड्यात गुंडाळलं. आम्ही सगळे दबकून चालत होतो, जोरात हसतही नव्हतो. बाहेर धोधो पाऊस, भिंतींना ओल, आणि बाळाचे पाय गार पडायचे. मी कोपऱ्यात बसून प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहीत होते.

बारशाला अजून अवकाश होता. वहिनीनं मला हाक मारली आणि उशीखालून एक पिवळा गुंडा काढला. चाचीनं नाकारलेली, माझ्या ट्रंकेत पडून राहिलेली ती नागमोडी लोकर आणि त्या शेवटच्या जोडीची, सगळी तिनं एकत्र गुंडाळून ठेवली होती.

"ही आता जुनी झाली, वन्सं," ती म्हणाली. "किती वेळा उसवलीय मी. हिचे करा."

मी प्रकरण बाजूला सारलं आणि टाके घातले. दिवे लावायच्या वेळेपर्यंत एक मोजा पुरा झाला, दुसरा टाचेपर्यंत आला. तेवढ्यात आईनं जेवायला हाक मारली. उठताना सवयीनं मी विणणं ट्रंकेत ठेवायला निघाले होते. मग परत वळले, सुयांसकट ते वहिनीच्या उशाशी ठेवलं आणि जेवायला गेले.