कानामागची जट

मुलीची भंडाऱ्याहून पुण्याला बदली झाली आणि तिचं लांब केसांचं, पांढरं कुत्रं आम्हा नवराबायकोकडे अड्याळला आलं. बांधावर हुंदडून, अंगाला गोखरू चिकटून थोड्याच दिवसांत त्याच्या केसांच्या जटा झाल्या. कानामागची जट तर इतकी घट्ट, की तिच्याखाली जखम होऊन वास यायला लागला. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "केस कापून औषध लावा, नाहीतर किडे पडतील. म्हातारं आहे, भूल नको द्यायला."

पण कात्री दिसली की ते बाजेखाली घुसायचं.

मी मुळात उतावळी. तरी धीर धरला. आधी फणी नुसती त्याच्या दूधभाताशेजारी ठेवली. मग तिची पाठ त्याच्या पाठीवरून फिरवली. लांब बसून कात्री वाजवायची, लगेच अंड्याचा तुकडा द्यायचा. हळूहळू ते माझ्या मांडीवर मान टाकायला लागलं.

ह्यांना तेवढा दम कुठला! "बैल पाडतो आमी नाल ठोकाले, हे कुत्रं काय चीज हाये?"

एकदा मी बाजारातून आले तर कुत्र्याचं केकाटणं गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येत होतं. ह्यांनी बैलासारखे त्याचे चारही पाय दोरानं बांधले होते आणि वर गुडघा रोवला होता. जट तशीच. मी दोर सोडला आणि ह्यांना नाही नाही ते बोलले.

"त्याले किडे पडू नये म्हनूनच करून राहिलो होतो ना मी," हे म्हणाले. ते खरंच होतं, म्हणून तर मला जास्तच राग आला. स्वतःच्या बशीतला चहा त्याला पाजणारा माणूस हा.

पुन्हा फणीपासून सुरुवात. रोज सकाळी भीत भीत त्याच्या कानामागे पाहायचे. ह्यांना माजघरात यायला मी बंदीच केली. चहासुद्धा अंगणात.

शेवटी एका दुपारी जट निघाली. कुत्रं सबंध वेळ थरथरत होतं, पण मांडीवरून हललं नाही. खाली कातडी लालभडक, ओली, पण किडे नव्हते. मला रडू आलं.

"निंगली काय वो?" अंगणातून ह्यांनी विचारलं.

"निंगली. किडे नाई पडले."

"मंग येऊ काय पाहाले?"

आवाज ऐकताच माझं लुगडं मांडीवर ओलं झालं. कुत्र्यानं भीतीनं मुतून टाकलं होतं.

"नोका येऊ," मी म्हटलं. "तुमी तिथंच बसा."

"बरं," हे म्हणाले.