गिरणीच्या इंजिनातलं पातळ तेल

आमच्या गिरणीचं इंजिन माझ्या लग्नाच्या आधीचं. मालक गेले तशी गिरणी मी आणि सून बघतो. लाईट असली की मोटारीवर दळायचं, न्हाई तर इंजिनावर. त्याला कायम साधं, जाड तेल. औंदा सुनेनं मोबाईलवर पाहिलं, सिंथेटिक, म्हंजे पातळ तेल घातलं की इंजिन जास्त टिकतं. मिस्त्री मला मागंच बजावून गेला होता, पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, पातळ तेल घालू नका. पण पोरगी इतक्या हौसेनं सांगत होती, मी आपली गप्प बसले. सेनगावाहून डबा आला. भरलं मीच, आणि खुणेच्या वर जास्तीचं ओतलं, पाहुण्याच्या ताटात वाढावं तसं.

सुरू केलं तर आवाज कसा मऊ. सून माझ्याकडं बघून हसली. दळण टाकलं आणि निळा धूर सुटला. मग इंजिन आपल्या मनानं पळायला लागलं. मी डिझेलचा कॉक बंद केला, तरी थांबेना. डिझेल सोडून ते पोटातलं तेलच जाळत होतं. पत्रे थरथरून राहिले, आणि सून चाकावरचा पट्टा पाडायला वाकलेली. ओढणी पट्ट्यापासून वीतभर.

"मागं हो पोरी!" मी ओरडले.

मालकांनी एकदा हवा कोंडून असंच इंजिन बंद केलेलं मी पाहिलं होतं. पोत्याची घडी केली, इंजिन हवा ओढतं त्या तोंडावर दाबून धरली. इंजिन पोतं आत ओढत होतं, माझे हात पोत्यासंगं. किती वेळ, मला सांगता येत न्हाई. मग ते गचके देत थांबलं. मी खालीच बसले.

मिस्त्री आला. तेल काढता काढता म्हणला, "मावशी, तुम्हाला सांगितलं होतं की मी."

सुनेनं मान वळवली. "तुमाला माहीत होतं, आत्याबाई?"

"व्हय."

"मग बोलायचं की. मी काय रुसून माहेरी गेले असते?"

मिस्त्रीनं जाड तेल भरलं. म्हणला, रिंगा बदलल्यावर सिंथेटिकचं बघू. तो गेला तशी सुनेनं इंजिन फिरवायचं हँडल उचललं. दारात तीन बाया डबे घेऊन उभ्या होत्या.

"आज नको," मी म्हणले.

"काहून?"

"मला भेव वाटून राहिलं."

तिनं हँडल भिंतीला टेकवलं आणि बायांना सांगितलं, लाईट आल्यावर या.