राडकाच्या कळशीतलं पाणी

बल्गेरियातल्या दोल्ना लिपा गावात कुणी परीक्षेला, लष्करात किंवा लग्नाला निघालं की उंबऱ्यात पाणी ओततात. निघणाऱ्यानं ते तुडवून जायचं, म्हणजे काम पाण्यासारखं वाहतं. गावच्या फुटबॉल संघासाठी हे पाणी राडका ओतायची. पंचवीस वर्षं संघाचे कपडेही तीच धूत होती, त्यामुळे कोण किती पळतो आणि कोण नुसता चिखलात लोळून येतो, हे प्रशिक्षकापेक्षा तिला जास्त ठाऊक.

पाण्याचा उपयोग मात्र शून्य. तिचे सासरे झारच्या चषकात हरले, नवरा सोव्हिएत सैन्याच्या चषकात हरला. सरकारं बदलली, चषकाचं नाव बदलून बल्गेरियाचा चषक झालं, पण हरण्यात गावानं कधी खंड पडू दिला नाही. एक फेरी म्हणून ओलांडली नाही!

राडकाचा मुलगा ओग्न्यान चौदाव्या वर्षी फुटबॉल शिकायला राजधानी सोफियाला गेला. आता बावीसचा, एका बड्या संघाचा दुसरा गोलकीपर. दोन वर्षं तो राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. मोठे संघ चषकाच्या पहिल्या फेरीत दुसऱ्या गोलकीपरला उतरवतात, म्हणून यंदा त्याचा नंबर लागला. आणि चिठ्ठीत समोर निघालं दोल्ना लिपा.

"आई, उद्या चुकलो तर जन्मभर बाकावरच," तो फोनवर म्हणाला.

"जेवलास का?"

"पाणी कुणासाठी ओतणार आहेस?"

राडकानं फोन ठेवून दिला. तेवढ्यात क्लबचा अध्यक्ष स्पास दारात हजर.

"राडकाताई, पोरगा तुझा आहे, मान्य. पण कळशी क्लबची आहे."

"कळशी माझ्या सासूची आहे, स्पासभाऊ. चीज भरलेली बानित्सा खा आणि नीघ."

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव मैदानावर लोटलं. तांब्याची कळशी, तिच्यात सुवासिक पानांची डहाळी, असा थाट घेऊन राडका खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोल्यांच्या दाराशी उभी राहिली. तिचं मन सकाळपासून झोके खात होतं. पण गावची पोरं बाहेर येताना दिसली, तिनंच धुतलेले पांढरे सदरे घालून, आणि तिनं अख्खी कळशी त्यांच्यापुढे रिकामी केली.

एक गोष्ट तिच्या ध्यानातच आली नव्हती. एरवी गावचा संघ आधी बाहेर पडायचा. बड्या संघाशी चषकाचा सामना असला की दोन्ही संघ जोडीनं बाहेर येतात, आणि दार तर एकच! पाहुणे ते पाणी खुशाल तुडवत निघाले.

"अहो, बाजूनं जा! आमचं आहे ते!" स्पास ओरडला.

बाजूनं गेला फक्त ओग्न्यान. भिंतीला पाठ घासत, बुटाला थेंबही न लागू देता तो पुढे गेला. आईकडे त्यानं पाहिलं नाही.

सामना मात्र रंगला. बड्यांना गोल होईना, गावाला ओग्न्यान करू देईना. जादा वेळही कोरा गेला. चषकात बरोबरी चालत नाही, म्हणून पेनल्टी. शेवटची पेनल्टी त्स्वेतान मारणार होता, गावातला पाववाला. घातली तर बरोबरी, हुकली तर गाव बाहेर. लहानपणी चर्चमागच्या भिंतीशी तो ओग्न्यानला रोज गोल मारायचा, घाबरला की हटकून डावीकडे. आज तर तो चांगलाच घाबरला होता. ओग्न्यान त्याच बाजूला झेपावला.

गाव पुन्हा हरलं. पाहुणे ओग्न्यानला खांद्यावर घेऊन नाचत होते, तेव्हा स्पास तणतणत आला.

"खरं सांग राडकाताई, पाणी ओतलंस कुणासाठी?"

"तुमच्यासाठी. तळाचा थेंबसुद्धा." तिनं कळशी उलटी करून दाखवली. डोळे वाहत होते, ते तिनं लपवले नाहीत. "त्याच्यासाठी ओतलं होतं ते आठ वर्षांपूर्वी, सोफियाच्या गाडीत बसवताना. ते आज पोचलं, त्याला मी काय करू?"